ताई, प्यादं घेऊ की नको?

अगं, तुझा हा प्रश्न फोनवर दोन वाक्यांत सुटणारा नाही, म्हणून आज निवांत बसून लिहिते. समोरची दुसऱ्या-तिसऱ्याच खेळीला प्यादं पुढे ढकलते आणि तुझ्या मनात दोन आवाज सुरू होतात. एक म्हणतो, फुकटचं मिळतंय, सोडतेस कशाला? दुसरा म्हणतो, हिनं घरून काहीतरी शिजवून आणलंय, हात लावू नकोस. पहिला आवाज लोभाचा, दुसरा भीतीचा. दोघांचंही ऐकायचं नाही, हे आधी पक्कं कर. गॅम्बिट, म्हणजे डावाच्या सुरुवातीलाच मुद्दाम देऊ केलेलं प्यादं, स्वीकारायचा की नाकारायचा, हे पटावर जे दिसतं त्यावरून ठरतं, आणि पटावरचं मोजता येतं.

आधी हे बघ, की ती प्यादं देते ते कशाच्या बदल्यात. तिला वेळ हवा असतो. तू प्यादी खात बसलीस की तेवढ्यात तिचे घोडे-उंट बाहेर पडतात, मधली घरं तिच्या ताब्यात जातात, हत्तींसाठी रेषा उघडतात. जुन्या खेळाडूंचा एक ढोबळ हिशोब आहे : तीन खेळ्यांची आघाडी म्हणजे साधारण एक प्यादं. म्हणून प्यादं उचलण्याआधी तिचे बाहेर पडलेले मोहरे मोज, तुझे मोज, आणि तुझ्या राजाचं कॅसलिंग व्हायला अजून किती खेळ्या लागतील तेही मोज. या मोजणीला अर्धं मिनिट पुरतं आणि मन शांत होतं.

आता जे सांगायला मी हे लिहायला बसले, ते सांगते. ‘घेऊ की नको’ याच्या पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे : घेतलं तर परत कधी देणार? गॅम्बिटचं प्यादं हे हातउसने पैसे समज. गरजेपुरते वापरायचे आणि मागणारा दारात येऊन उभा राहण्याआधी आपणहून परत करायचे. ज्या मुली घेतलेल्या प्याद्याला शेवटपर्यंत कवटाळून बसतात त्याच हरतात. वेळेवर परत देणाऱ्या मुली गॅम्बिट स्वीकारूनही सुखानं खेळतात.

एक उदाहरण पट मांडूनच बघ. डॅनिश गॅम्बिट. पांढरा ई४, काळा ई५. पांढरा डी४ खेळतो, काळ्यानं ते मारलं. पांढरा सी३ पुढे करतो, काळ्यानं तेही मारलं. पांढऱ्यानं उंट सी४ वर आणला आणि काळ्यानं बी२ वरचं तिसरं प्यादंही घेतलं. पांढऱ्याच्या दुसऱ्या उंटानं ते मारणारं प्यादं टिपलं. आता थांब आणि पट बघ. काळ्याकडे दोन प्यादी जास्त आहेत. पण पांढऱ्याचे दोन्ही उंट शेजारशेजारच्या तिरक्या रेषांवरून काळ्या राजाच्या दिशेनं रोखलेत, आणि काळ्याचा एकही मोहरा घराबाहेर नाही. इथं ‘दोन प्यादी जास्त’ म्हणून खूश होणारी पुढच्या दहा खेळ्यांत रडते.

कार्ल श्लेश्टरच्या नावानं ओळखला जाणारा बचाव इथं काय करतो बघ. काळा डी५ खेळतो, म्हणजे एक प्यादं चक्क पांढऱ्याच्या तोंडासमोर ठेवतो. पांढऱ्यानं उंटानं ते घेतलं की काळा घोडा एफ६ वर. पांढऱ्याला मोह होतो : उंटानं एफ७ मारून शह, राजानं उंट घेतला, आणि मग डी८ वरचा काळा वजीर फस्त. वजीर गेला म्हणून घाबरू नकोस. काळा उंट बी४ वर येतो, शह! एफ८ वरून उंट निघाल्यामुळे एच८ चा हत्तीही आता त्या पांढऱ्या वजिरावर रोखलेला आहे. पांढऱ्याला शह अडवायला वजीर डी२ वर आणावाच लागतो, काळा उंट तो घेतो आणि घोड्यानं उंट परत मारला जातो. वादळ संपलं. आता मोज : दोघांकडे पाच-पाच प्यादी, दोन हत्ती, दोन घोडे, एक उंट. हिशोब चुकता. शिवाय वजिराच्या बाजूला काळ्याची तीन प्यादी एका प्याद्यासमोर आहेत, म्हणजे शेवटच्या डावात पुढे सरकवायला त्याच्याकडे काहीतरी आहे. ज्या हल्ल्यासाठी पांढऱ्यानं एवढा खर्च केला तो हल्लाच उरला नाही. ही पूर्ण ओळ हातानं मोहरे हलवून पाठ कर, कारण घेणं आणि देणं एकाच ओळीत इतकं स्वच्छ क्वचित दिसतं.

हीच रीत इव्हान्स गॅम्बिटमध्येही आहे. वेल्सच्या कॅप्टन विल्यम इव्हान्स या जहाजावरच्या माणसानं एकोणिसाव्या शतकात तो आणला. इटालियन सुरुवातीत पांढरा चौथ्या खेळीला बी४ खेळून काळ्या उंटासमोर प्यादं टाकतो. त्यावर लास्करचा बचाव म्हणजे प्यादं घ्यायचं, उंट ए५ वर न्यायचा, डी६ खेळायचं आणि उंट शांतपणे बी६ वर मागे घ्यायचा. पांढऱ्याला आपलं प्यादं परत मिळवता येतं, पण त्यासाठी वजिरांची अदलाबदल करावी लागते, आणि वजीर गेले की त्याच्या हल्ल्याचा जीवच जातो. इव्हान्सला घाबरायचं कारण नाही, पण त्याला हलकंही लेखू नकोस. १९९५ साली रिगामध्ये कास्पारोवनं आनंदसमोर अचानक इव्हान्स काढला. आनंदनं प्यादं घेतलं, उंट ई७ वर परत आणला, आणि तरी २५ खेळ्यांत डाव संपला. त्या काळात सर्वोच्च पातळीवर हा गॅम्बिट क्वचितच कोणी खेळायचं. आनंदसारख्यालाही अनपेक्षित गोष्ट जड गेली, तर तू आणि मी तयारीशिवाय कशाला बसायचं?

आता नाकारण्याबद्दल. तुझ्या मनात कुठंतरी बसलंय की नाकारणं म्हणजे घाबरणं. ते काढून टाक. १९२७ साली ब्यूनोस आयर्समध्ये कापाब्लांका आणि अलेखिन जागतिक विजेतेपदासाठी ३४ डाव खेळले, आणि त्यातल्या ३२ डावांत क्वीन्स गॅम्बिट नाकारला गेला. दोघांपैकी एकालाही कोणी भित्रा म्हणणार नाही.

क्वीन्स गॅम्बिट तर तसा खरा बळीच नाही. डी४, डी५, सी४, आणि काळ्यानं सी४ चं प्यादं घेतलं, तरी पांढरा ते निवांत परत मिळवतो. ते धरून ठेवायला गेलीस तर काय होतं बघ. पांढरा ई३. काळा बी५ खेळून प्याद्याला आधार देतो. पांढरा ए४. काळा सी६. पांढरा बी५ वर मारतो, काळा सी प्याद्यानं परत मारतो. आणि पांढरा वजीर एफ३ वर! ए८ चा हत्ती उघडा पडलाय. त्याला वाचवायचा तर घोडा किंवा उंट मध्ये घालून गमवावा लागतो. सहाव्याच खेळीला एक मोहरा गेला, आणि तो फक्त एका प्याद्याच्या हट्टापायी. क्वीन्स गॅम्बिट स्वीकारणारे चांगले खेळाडू हा हट्ट करतच नाहीत. ते प्यादं घेतात, पांढरा ते परत घेण्यात गुंतला की घोडा एफ६, ई६, सी५ अशा खेळ्या करून मध्यावर आपला वाटा मागतात.

नाकारायचं तर ई६ खेळ किंवा सी६ खेळ. ई६ मध्ये भिंत पक्की होते, पण सी८ चा उंट आत कोंडला जातो आणि पुढं बराच वेळ त्याची सोय लावावी लागते. सी६ म्हणजे स्लाव्ह. त्यात उंटाची वाट मोकळी राहते. नाकारण्यालाही किंमत असते, हे ध्यानात ठेव. कुठली किंमत तुला परवडते आणि तुझ्या स्वभावाला कुठला पट मानवतो, एवढंच ठरवायचं आहे.

नाकारण्यात दातही असतात, बरं का. किंग्ज गॅम्बिट घे. ई४, ई५, एफ४. काळा प्यादं न घेता उंट सी५ वर आणतो. पांढऱ्याला वाटतं, ई५ चं प्यादं उघडंच आहे, घेऊन टाकू. घेतलं, की काळा वजीर एच४ वर, शह! राजा ई२ वर सरकला तर वजीर ई४ वर येऊन मात. जी३ नं अडवलं तर वजीर ई४ वर शह देतो आणि पुढं एच१ चा हत्ती जातो. पांढरा शहाणा असेल तर तो ई५ घेण्याऐवजी घोडा एफ३ खेळतो, मग तू डी६. तुझा उंट जी१ वर रोखलेला असल्यामुळे पांढऱ्याला त्या बाजूला सहजासहजी कॅसलिंग करता येत नाही. ‘नाही’ म्हणायचं तर असं, समोरच्याला कामाला लावून.

किंग्ज गॅम्बिटवरून फिशरची गोष्ट सांगायलाच हवी. १९६० साली अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथं स्पास्कीनं सतरा वर्षांच्या फिशरविरुद्ध किंग्ज गॅम्बिट टाकला. फिशरनं प्यादं घेतलं आणि तो हरला. दुसरं कोणी असतं तर ‘यापुढे कधीच घेणार नाही’ म्हणालं असतं. फिशरनं घरी बसून अभ्यास केला आणि पुढच्या वर्षी लेख लिहून आपलं उत्तर जाहीर केलं. त्या उत्तरातही प्यादं घ्यायचंच होतं. फक्त पांढऱ्याच्या घोडा एफ३ नंतर लगेच जी५ खेळायच्या ऐवजी आधी डी६ खेळून ठेवायचं होतं. एक डाव हरलीस म्हणून सगळा निर्णयच चुकला असं धरू नकोस. निर्णय बरोबर आणि पुढची एक खेळी चुकीची, असंही असतं. कुठली खेळी, ते घरी शोधायचं.

मोठी माणसंही एकच नियम सगळीकडे लावत नाहीत. १९१८ साली न्यूयॉर्कमध्ये मार्शलनं रुय लोपेझमध्ये डी५ खेळून ई५ चं प्यादं देऊ केलं आणि कापाब्लांकाच्या राजावर तुफान हल्ला चढवला. कापाब्लांकानं प्यादं घेतलं, एकेक धोका परतवला आणि डाव जिंकला. तोच मार्शल हल्ला टाळायला १९९३ च्या जागतिक लढतीत कास्पारोवनं शॉर्टविरुद्ध आठव्या खेळीला ए४ खेळून वाटच बदलली. एकानं आव्हान घेतलं, एकानं ते येऊच दिलं नाही. दोघांनाही आपण काय करतोय ते ठाऊक होतं.

आता तुझ्या रोजच्या डोकेदुखीकडे येते. मोबाइलवर तीन मिनिटांचे डाव खेळताना जे गॅम्बिट समोर येतात ते बहुतेक सापळे असतात. एंग्लुंड गॅम्बिट बघ : तू डी४ खेळलीस आणि समोरून लगेच ई५. हे प्यादं बिनधास्त घे, हा गॅम्बिट कच्चा आहे. पण पुढचं माहीत असू दे. त्याचा घोडा सी६, तुझा घोडा एफ३, त्याचा वजीर ई७, तुझा उंट एफ४, त्याचा वजीर बी४ वर शह, तुझा उंट डी२, त्याच्या वजिरानं बी२ खाल्लं. इथं हात आपोआप उंट सी३ कडे जातो, कारण वजीर अडकल्यासारखा दिसतो. ती खेळी करू नकोस. त्याचा उंट बी४ वर येतो, तू वजीर डी२ वर नेतेस, तो सी३ वर मारतो, तू वजिरानं परत घेतेस आणि त्याचा वजीर सी१ वर उतरून मात देतो. त्याऐवजी घोडा सी३ वर आण आणि हत्ती बी१ वर न्यायला तयार राहा. मग भटकलेला वजीर त्याच्याच गळ्यात पडतो. अशा गॅम्बिटला एवढी एक खेळी ठाऊक असली की पुरे.

बेंको गॅम्बिट मात्र वेगळा आहे. त्यात काळा बी५ चं प्यादं देतो आणि त्याला घाईचा हल्ला नकोच असतो. ए आणि बी या दोन अर्ध्या उघड्या रेषांवर त्याचे हत्ती बसतात आणि वजीर गेले तरी दाब कमी होत नाही. ‘आधी हल्ला परतवू, मग जास्तीच्या प्याद्यावर जिंकू’ हे तिथं चालत नाही. म्हणून बरेच जण बी५ घेतात आणि काळा ए६ खेळला की बी६ खेळून ते प्यादं लगेच परत करतात. मग ए रेषा उघडत नाही. पुन्हा तीच गोष्ट : घेतलं, आणि योग्य वेळी दिलं.

मग कधीच न पाहिलेला गॅम्बिट पटावर आला तर? स्वतःला चार प्रश्न विचार. घेतल्यावर माझा राजा किती खेळ्यांत सुरक्षित होईल? घ्यायला माझं प्यादं जातंय की वजीर? प्याद्यानं घेणं स्वस्त असतं, वजिरानं बी२ पर्यंत भटकणं महाग. हे प्यादं परत द्यायची वेळ आली तर कुठल्या खेळीनं देईन? ई४-ई५ च्या गॅम्बिटमध्ये काळ्यासाठी ती खेळी बहुधा डी५ असते. आणि शेवटचा, नाही घेतलं तर तिचं काय होतं? ती फुकटात मध्य बळकावत असेल तर घे. न घेताही तुझे मोहरे छान बाहेर पडत असतील तर सोड. चारपैकी पहिल्या तीनची उत्तरं मिळाली की जुन्या जाणत्यांचं ऐक आणि घे. गॅम्बिट मोडायचा खरा मार्ग तो स्वीकारणं हाच, असं ते म्हणत आलेत. उत्तरं मिळत नसतील आणि घड्याळ पळत असेल तर साधी, मोहरा बाहेर काढणारी खेळी कर आणि पुढे चल. नव्वद मिनिटांच्या डावात यावर दहा मिनिटं घालवलीस तरी चालेल. तीन मिनिटांच्या डावात घरून ठरवलेलंच खेळ.

घरी काय करायचं तेही सांगते. एक वही कर. गॅम्बिटमागे एक पान. वर नाव, खाली तुझं एकच उत्तर : घेणार की नाही. घेणार असशील तर परत देण्याची खेळी लाल शाईनं लिही. इंजिन ‘काळा बरा’ म्हणतं म्हणून ओळ पाठ करू नकोस, काळा का बरा आहे ते एका वाक्यात स्वतःच्या शब्दांत लिही. ते वाक्य सुचत नसेल तर ती ओळ तुझी झालेली नाही. आणि काही दिवस तोच गॅम्बिट तू स्वतः पांढऱ्याकडून खेळून बघ. हल्ला करणारीला कुठल्या उत्तराची धास्ती वाटते, ते तिच्या खुर्चीत बसल्यावरच कळतं.

अजून एक, आणि हे मी फक्त तुला सांगत नाही, तुझ्या वर्गातल्या सगळ्या मुलींना सांगते. काही मुलं समोर मुलगी दिसली की मुद्दाम गॅम्बिट टाकतात. ही बावरेल, असं त्यांना वाटतं. आणि काही मोठी माणसं आपल्याला सांगतात, मुलींनी जपून खेळावं. दोन्हीकडे लक्ष देऊ नकोस. आपल्या मुंबईच्या खाडिलकर भगिनी आठव. १९७४ मध्ये पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती खाडिलकरांनी जिंकली. रोहिणी खाडिलकर तेरा वर्षांच्या असताना, १९७६ मध्ये, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या आणि १९८१ मध्ये आशियाई महिला विजेत्या झाल्या. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. समोर कोण बसलंय यावरून तुझं उत्तर बदलता कामा नये. ते समोरच्या स्थितीवरूनच ठरू दे.

पुढच्या शनिवारच्या स्पर्धेआधी वहीची तीन पानं भरून मला फोटो पाठव : किंग्ज, डॅनिश आणि एंग्लुंड. प्रत्येक पानावर लाल शाई दिसली पाहिजे. परत द्यायची खेळी ठाऊक असेल तर प्यादं घे आणि पाठ ताठ ठेवून खेळ. ठाऊक नसेल तर सोड, त्यात काही कमीपणा नाही.